मुलाची फी, मुलीच्या तारा, भाच्याचं कॉलेज: कॅनडाच्या टॅक्स रिटर्नमध्ये क्रेडिट कुणाच्या नावावर?

मीनल_ब्रॅम्प्टन
नमस्कार मंडळी. रिटर्न भरायची शेवटची तारीख, ३० एप्रिल, जवळ आलाय, आमच्या घरी डायनिंग टेबलवर जेवायला जागा नाही एवढे कागद पसरलेत आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये, म्हणून हा धागा.

घरची परिस्थिती सांगते, आकडे साधारण आहेत. नवऱ्याचं २०२५ चं नेट उत्पन्न १ लाख ५ हजार डॉलर, माझं अर्धवेळ नोकरीचं ३८ हजार. मुलगा १९ चा, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला, को-ऑपमधून (शिकतानाच्या पगारी नोकरीतून) त्याला १४ हजार मिळाले आणि त्याच्या टी२२०२ वर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या फीच्या दाखल्यावर, १६ हजार फी दिसतेय. मुलगी १४ ची, तिच्या दातांना तारा लावल्यात, त्याचे इन्शुरन्सने दिले ते सोडून बरेच पैसे आमच्या खिशातून गेले. शिवाय सगळ्यांचे चष्मे, औषधं, आणि पुण्याला गेलो तेव्हा मी तिकडेच रूट कॅनाल करून आले. त्यात सप्टेंबरपासून माझा भाचा नाशिकहून आलाय, इथे कॉलेजला आहे, आमच्याकडेच राहतो. त्याची फी माझ्या भावाने तिकडून भरली.

प्लाझामधला आमचा टॅक्स करणारा म्हणतो की फी आणि मेडिकल सगळं साहेबांच्या नावावर टाका, त्यांना टॅक्स जास्त बसतो तर फायदाही त्यांनाच जास्त. मला हे पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. तुम्ही घरात हे कसं वाटून घेता? मुलाचं क्रेडिट बाबांनी घ्यावं का? आणि भाच्याचं काय करायचं?

तिखट_लोणचं
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच सीझन चालू आहे, आंब्याच्या आधी टी४ (पगाराचा दाखला) येतो :)

गणिती_गणपा
मीनलताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. मी मिसिसागामध्ये याच कामात आहे, दरवर्षी हा गैरसमज आपल्या लोकांमध्ये हमखास भेटतो आणि तो येतो कुठून ते पण सांगतो.

भारतात आपल्याला सवय ८०सी आणि ८०डीची. मुलांची ट्यूशन फी ८०सीमध्ये, मेडिक्लेमचा हप्ता ८०डीमध्ये, आणि हे सगळं उत्पन्नातून वजा होतं. त्यामुळे जो वरच्या स्लॅबमध्ये त्याने घेतलं की जास्त वाचतं. डोक्यात तेच बसलेलं असतं. इथे तसं वजा होतं ते आरआरएसपी (निवृत्तीसाठीची बचत) वगैरे. फी आणि मेडिकल ही नॉन-रिफंडेबल क्रेडिट आहेत, म्हणजे रक्कम गुणिले सगळ्यात खालचा फेडरल दर, तेवढा टॅक्स कमी. २०२५ साठी तो दर १४.५ टक्के आहे (जुलैपासून १५ चा १४ झाला म्हणून वर्षाची सरासरी १४.५, आणि २०२६ पासून सरळ १४). तुमचं उत्पन्न ४० हजार असो की ४ लाख, ५ हजारांच्या फीवर फेडरल फायदा ७२५ डॉलरच.

नॉन-रिफंडेबल म्हणजे टॅक्स शून्यावर आला की थांबलं, वरचं हातात मिळत नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की ज्याच्या नावावर टाकतोय त्याला तेवढा टॅक्स बसतोय का. आणि मेडिकलला तर जास्त उत्पन्न असणं उलट तोट्याचं असतं, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता क्लायंट आलाय.

पाऊसवाली
मस्त समजावलंत गणपादादा. ८०सीचं कनेक्शन कधी लक्षातच आलं नव्हतं.

कोऑप_कार्टं
मी मुलाच्या बाजूने बोलायला आलोय. वॉटर्लूला शिकतो. काकू, टी२२०२ तुमच्या मुलाच्या नावाचा आहे. फी कुणीही भरलेली असो, आईवडिलांनी, आजीने, आरईएसपीमधून (मुलांच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून), क्रेडिट पहिलं विद्यार्थ्याचं. त्याने स्वतःचा टॅक्स शून्य होईपर्यंत आधी वापरायचं, मग उरलेल्यातलं जास्तीत जास्त ५ हजार आई किंवा बाबांना ट्रान्सफर करता येतं, बाकीचं त्याच्या नावावर पुढे जातं, कितीही वर्षं. आणि ट्रान्सफरसाठी त्याची सही लागते. मला पहिल्या वर्षी कुणी विचारलंच नाही, नुसता फॉर्म समोर आला "इथे सही कर" म्हणून. विचारा एवढंच सांगणं आहे.

मीनल_ब्रॅम्प्टन
@कोऑप_कार्टं, हे चांगलं केलंस सांगितलंस. आमच्यात विचारायची पद्धत आहे रे, पण सहीचं माहीत नव्हतं. मग त्याचे १४ हजारच उत्पन्न आहे तर त्याने किती वापरायचं?

गणिती_गणपा
शून्य. २०२५ चा फेडरल बेसिक पर्सनल अमाउंट, म्हणजे ज्यावर टॅक्स बसत नाही ती रक्कम, १६,१२९ आहे, त्याचं उत्पन्न त्याच्या खालीच आहे, म्हणजे फेडरल टॅक्सच नाही. त्यामुळे पूर्ण ५ हजार ट्रान्सफरला मोकळे, ११ हजार त्याच्या नावावर पुढे. समजा उत्पन्न जास्त असतं आणि स्वतःचा टॅक्स शून्यावर आणायला त्याला ३ हजार वापरावे लागले असते, तर तुम्हाला फक्त २ हजार मिळाले असते. ५ हजार ही मर्यादा त्याने वापरलेले धरून आहे, लोक इथे गडबडतात.

आणि एक महत्त्वाचं. एकदा पुढे ढकललेलं क्रेडिट नंतर कधीच आईबाबांना देता येत नाही. ट्रान्सफर फक्त त्या त्या वर्षाच्या फीचं. तेव्हा ठरवायचं ते आत्ताच.

हॅमिल्टनचा_हरी
माझं मत वेगळं आहे. मुलाचं मुलाकडेच राहू द्यावं. नोकरीला लागेल तेव्हा पहिल्या वर्षी टॅक्स जवळजवळ बसणार नाही, त्या वयात त्या पैशाची किंमत फार असते, घराचं डिपॉझिट, गाडी. आपण फी भरली ती काय ७२५ डॉलर परत मिळावेत म्हणून नाही भरली.

मीनल_ब्रॅम्प्टन
हरीदादा भावना समजते, पण दरवर्षी १६ हजार भरताना आमचीही ओढाताण होते हो. तिसऱ्या वर्षाची फी समोर उभी आहे, ते ७२५ त्यातच जाणार आहेत.

शांतादुर्गा
आम्ही मधला मार्ग काढला. ट्रान्सफर करून घेतो आणि रिफंड आला की तेवढे पैसे मुलीच्या टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, टाकतो (ती १८ ची झालीये). तिला आत्ताच पैसे मिळतात, तिथे वाढतात, आणि दर पण १४ व्हायच्या आत १४.५ ने मिळाला. शिवाय तिला स्वतःला टॅक्स म्हणजे काय ते कळायला लागलंय, यावर्षी तिने स्वतः सॉफ्टवेअरमध्ये शेड्यूल ११ (फीच्या क्रेडिटचा फॉर्म) भरलं, मी नुसती शेजारी बसले.

हॅमिल्टनचा_हरी
हे आवडलं. मागे घेत नाही पण हे आवडलं.

कोऑप_कार्टं
शांतादुर्गा मावशी मला दत्तक घ्या.

तिखट_लोणचं
:) रांगेत उभा राहा, माझा नंबर आधी.

पाऊसवाली
आमच्या बीसीमध्ये प्रांताचं पण ट्यूशन क्रेडिट मिळतं, फेडरलच्या वर. ऑन्टारियोत नाही का? मीनलने उल्लेख केला नाही म्हणून विचारतेय.

गणिती_गणपा
नाही. ऑन्टारियोने सप्टेंबर २०१७ पासूनच्या शिक्षणाच्या फीला प्रांताचं क्रेडिट बंद केलं. सस्कॅचवानने त्याच वर्षी केलं, अल्बर्टाने २०२० पासून. बीसी, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया वगैरेंकडे अजून आहे. न्यू ब्रन्सविकने बंद करून परत चालू केलं. फेडरलमध्ये पूर्वी फीच्या जोडीला दर महिन्याचा एज्युकेशन अमाउंट आणि पुस्तकांचा अमाउंट असायचा तो २०१७ पासून गेला, त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेले आकडे आता लागू नाहीत.

हॅलिफॅक्सहून_टोरांटो
यात एक खाच आहे, भोगलीये म्हणून लिहितो. मी मास्टर्स हॅलिफॅक्सला केलं, दोन वर्षांची फी, उत्पन्न जवळपास नाहीच, त्यामुळे सगळं क्रेडिट पुढे गेलं, फेडरलचं आणि नोव्हा स्कोशियाचं वेगळं. मग टोरांटोला नोकरी लागली. फेडरलचं छान वापरलं गेलं, पहिल्या पूर्ण वर्षाचा रिफंड बघून आईला व्हिडिओ कॉल केला होता. पण प्रांताचं शिल्लक क्रेडिट ऑन्टारियोत येऊन वापरता येत नाही, ते तसंच पडून आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांतात राहता तिथले नियम. कुणी वर्षअखेरीस प्रांत बदलणार असेल तर हे आधी डोक्यात असू द्या, तेवढ्यासाठी नोकरी सोडू नका अर्थात.

मॉन्ट्रियलचा_मोरू
आणि आम्ही क्विबेकवाले दोन दोन रिटर्न भरतो, एक सीआरएला (केंद्राच्या टॅक्स खात्याला) आणि एक रेव्हेन्यू क्विबेकला. फीसाठी आरएल-८ नावाचा दाखला वेगळा येतो, क्रेडिटचा दर ८ टक्के. एक मात्र चांगलं, क्विबेकच्या सरकारी औषध इन्शुरन्सचा जो हप्ता आपण भरतो तो फेडरल रिटर्नमध्ये मेडिकल खर्च म्हणून धरता येतो. बरेच जण विसरतात.

नवखा_नाशिककर
मीनलताई, तुमच्या भाच्यासारखाच मीही सप्टेंबरमध्ये आलो, नाशिकचाच आहे :) मला पण हाच प्रश्न आहे. माझं इथे उत्पन्न फार नाही, वीकेंडला काम करतो. रूममेट म्हणतात इंटरनॅशनल स्टुडंटने रिटर्न भरायची गरज नाही. फी बाबांनी भरली, त्यासाठी नाशिकच्या बँकेचं एज्युकेशन लोन आहे, त्याचं व्याज इथे दाखवता येतं का?

गणिती_गणपा
@नवखा, रूममेटचं ऐकू नकोस. तू इथे राहतोस, घर इथे, बँक खातं इथे, तर बहुतेक वेळा टॅक्सच्या दृष्टीने तू आल्या तारखेपासून रहिवासी धरला जातोस. रिटर्न भर, उत्पन्न शून्य असलं तरी भर. तीन कारणं डोक्यात येतायत. एक, टी२२०२ ची फी सीआरएच्या दप्तरात चढते आणि पुढे जाते, तुझी वर्क परमिटवरची पहिली मोठी नोकरी लागेल तेव्हा तीच कामाला येईल. दुसरं, जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून मिळणारे पैसे), १९ पूर्ण असशील तर मिळू शकतं, नवीन आलेल्यांसाठी आरसी१५१ नावाचा फॉर्म आहे. तिसरं, भाडं भरत असशील तर ऑन्टारियो ट्रिलियम बेनिफिट, म्हणजे प्रांताची मदत, तीही रिटर्नवरूनच ठरते.

पहिल्या वर्षी आल्याची तारीख टाकायची, बेसिक अमाउंट दिवसांच्या प्रमाणात कमी होऊ शकतो. आल्यानंतर नाशिकच्या एफडीवर तुझ्या नावाने व्याज मिळालं असेल तर तेही दाखवायचं, जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं.

व्याजाचं मात्र नाही. इथे फक्त सरकारी स्टुडंट लोनच्या व्याजाला क्रेडिट आहे. भारतातल्या बँकेचं काय, कॅनडातल्या बँकेच्या खाजगी लोनचं पण चालत नाही. भारतात बाबा ८०ई घेऊ शकतात का ते त्यांच्या सीएला विचार, लोन कुणाच्या नावावर आहे आणि ते जुन्या रेजीममध्ये आहेत का त्यावर ते अवलंबून.

मीनल_ब्रॅम्प्टन
म्हणजे भाच्याचे ५ हजार मामाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला देता येतील? आमच्याच घरी जेवतो खातो.

गणिती_गणपा
ताई, मामा असो की आत्या, नातं कुठलंही लावलंत तरी चालणार नाही हो :) नवरा-बायको, आईवडील, आजीआजोबा, किंवा नवऱ्या-बायकोचे आईवडील आजीआजोबा, एवढेच. त्याचे आईवडील नाशिकला, त्यांना इथे टॅक्स नाही, तेव्हा सगळं त्याच्याच नावावर पुढे.

मीनल_ब्रॅम्प्टन
बरं बरं. घरभर यांच्या मागे मामा मामा करत फिरतो, म्हणून विचारलं :)

तिखट_लोणचं
सीआरएच्या फॉर्मवर मामा, आत्या, मावशी असे वेगळे कॉलम आले की आपण जिंकलो.

कल्याणी_के
थोडं अवांतर पण फीचंच आहे. स्वतः काम करून कोर्स करणाऱ्या आपल्या बायका-पुरुषांनी कॅनडा ट्रेनिंग क्रेडिट विसरू नका. वय २६ ते ६५. दरवर्षी अटी पूर्ण केल्या की २५० डॉलर लिमिट साठत जातं, आयुष्यभरात ५ हजारांपर्यंत, आणि ते तुमच्या नोटीस ऑफ असेसमेंटवर (रिटर्न तपासून सीआरए पाठवते त्या पत्रावर) लिहिलेलं असतं. मी गेल्या वर्षी अकाउंटिंगचे कोर्स केले, फीच्या निम्मे किंवा साठलेलं लिमिट, जे कमी असेल तेवढं मिळतं आणि हे रिफंडेबल आहे, टॅक्स नसला तरी हातात येतं. जेवढं घेतलं तेवढं ट्यूशनच्या रकमेतून कमी होतं इतकंच. सरकारमान्य प्रोफेशनच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या परीक्षांची फी पण ट्यूशनमध्ये बसू शकते, इथे येऊन परत परीक्षा देणाऱ्या आपल्या नर्सेस, फार्मासिस्ट, इंजिनिअर लोकांनी पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीने फी परत दिली असेल तर मात्र नाही.

देसी_नर्स
कल्याणी, खूप खूप धन्यवाद. मला कुणीच सांगितलं नव्हतं हे. परीक्षेच्या पावत्या ईमेलमध्ये आहेत, आजच शोधते.

गणिती_गणपा
आता मेडिकल. यात आधी एक रक्कम वजा होते आणि मग उरलेल्यावर क्रेडिट. वजा काय होते, तर तुमच्या नेट उत्पन्नाचे ३ टक्के किंवा २,८३४ (२०२५ साठी), यातलं जे कमी ते. तुमच्या मिस्टरांचे ३ टक्के म्हणजे ३,१५०, म्हणून त्यांना २,८३४ लागेल. तुमचे ३ टक्के म्हणजे १,१४०. दोघांचा आणि १८ च्या खालच्या मुलांचा सगळा खर्च एकाच्याच नावावर घेता येतो, मग तो तुमच्या नावावर घेतलेला केव्हाही बरा, कारण तुम्हाला तेवढा टॅक्स बसतोच आहे. प्लाझावाल्याने नेमकं उलटं सांगितलं.

हॅमिल्टनचा_हरी
पण बायकोला टॅक्सच बसत नसेल तर? आमच्याकडे तसं आहे.

गणिती_गणपा
मग तिच्या नावावर टाकून उपयोग नाही, नॉन-रिफंडेबल. तुझ्या नावावर २,८३४ च्या वर जातंय का बघ. सॉफ्टवेअरमध्ये जोडीने रिटर्न केलेत तर दोन्हीकडे टाकून बघता येतं.

शांतादुर्गा
अजून एक. जानेवारी ते डिसेंबरच धरायची सक्ती नाही, २०२५ मध्ये संपणारे कुठलेही सलग १२ महिने धरता येतात. मुलीच्या तारांचं डिपॉझिट आम्ही २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये भरलं होतं आणि हप्ते २०२५ मध्ये, तर नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं वर्ष धरलं. ती ३ टक्क्यांची वजावट प्रत्येक वेळी लागते ना, मग खर्च एका १२ महिन्यांत एकवटला की ती एकदाच सोसावी लागते. आधीच्या रिटर्नमध्ये तोच खर्च घेतलेला नसावा एवढं बघायचं.

मीनल_ब्रॅम्प्टन
अगं हे तर सोन्यासारखं आहे! आमचं पण डिपॉझिट २०२४ च्या डिसेंबरातलं आहे. आणि पुण्याचं रूट कॅनाल?

गणिती_गणपा
चालतं. परदेशातला खर्च पण चालतो, डॉक्टर किंवा डेंटिस्ट तिथल्या कायद्याने नोंदणीकृत हवा. पावतीवर त्याचं नाव, तुमचं नाव, तारीख, काय केलं ते असू द्या. रुपयांचे डॉलर बँक ऑफ कॅनडाच्या दराने करा. विमानाचं तिकीट मात्र धरू नका, रूट कॅनाल ब्रॅम्प्टनमध्येही होतं.

पाऊसवाली
माझ्या आईची पुण्यात गुडघ्याची सर्जरी झाली, सगळे पैसे मी पाठवले. ते धरता येतील?

गणिती_गणपा
नाही. अवलंबून असलेले आईवडील त्या वर्षात कधीतरी कॅनडाचे रहिवासी असले पाहिजेत. वाईट वाटतं सांगायला कारण हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि आपली माणसं खरोखर हजारो डॉलर पाठवत असतात.

आजोबा_ओकविल
मी मुलाकडे राहतो, पीआर आहे. माझ्या श्रवणयंत्राचे पैसे मुलाने भरले. ते त्याला मिळतील काय?

गणिती_गणपा
नमस्कार काका. तुम्ही इथले रहिवासी आणि त्याच्यावर अवलंबून असाल तर हो, त्याच्या रिटर्नमध्ये ३३१९९ या ओळीवर. तिथे ३ टक्के तुमच्या उत्पन्नाचे धरतात, त्याच्या नाही, त्यामुळे वजावट अगदी थोडी. १८ च्या वरच्या मुलांचाही खर्च त्याच ओळीवर जातो.

आजोबा_ओकविल
आभारी आहे. च्यवनप्राश व तेल यांचे काय? वैद्यांनी लिहून दिले आहे.

गणिती_गणपा
नाही काका. औषध असं हवं की जे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतच नाही आणि फार्मासिस्टकडे नोंद होते. व्हिटॅमिन, सप्लिमेंट, दुकानातून सरळ घेतलेली गोळी, डॉक्टरने लिहून दिली तरी नाही. नॅचरोपॅथची फी ऑन्टारियोत चालते, त्याने विकलेल्या बाटल्या चालत नाहीत.

ज्वारीप्रेमी
माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. ग्लुटेन-फ्री ब्रेड, पास्ता याची जी जादा किंमत असते, म्हणजे साध्या ब्रेडपेक्षा जेवढे डॉलर जास्त, तेवढा फरक मेडिकलमध्ये धरता येतो. डॉक्टरचं पत्र लागतं आणि हिशोब ठेवावा लागतो, कुठली वस्तू, साधीची किंमत काय, फरक किती, वर्षभरात किती घेतल्या. घरी बनवणाऱ्यांनी तांदळाच्या पिठासारखी सामग्रीही त्यात बघावी. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू, पण शाळेचा डबा, वाढदिवसाचा केक, सगळीकडे दुप्पट पैसे मोजणाऱ्या घराला तो फरक जाणवतो. निदान झालं तेव्हा मी रडले होते की याच्या ताटात पोळी कधीच नाही. आता भाकऱ्या थापते आणि तो माझ्यापेक्षा चांगल्या थापतो.

शांतादुर्गा
ज्वारीप्रेमी, तुला आणि लेकाला खूप प्रेम.

नाव_नको
हा आयडी फक्त यासाठी काढलाय. आम्ही काही वर्षं आयव्हीएफच्या चक्रात होतो. आपल्यात यावर बोलत नाहीत आणि म्हणून माहितीही फिरत नाही. सायकलचा खर्च, इंजेक्शनं, टेस्ट, हे सगळं मेडिकलमध्ये बसतं आणि रक्कम एवढी मोठी असते की ३ टक्के सहज ओलांडले जातात. आणि ऑन्टारियोत २०२५ पासून फर्टिलिटी ट्रीटमेंटचं वेगळं क्रेडिट सुरू झालंय, खर्चाच्या २५ टक्के, वर्षाला २० हजारांच्या खर्चापर्यंत म्हणजे जास्तीत जास्त ५ हजार डॉलर, आणि ते रिफंडेबल आहे. नेहमीच्या मेडिकल क्रेडिटच्या वर. जी जोडपी यातून जातायत त्यांनी यावर्षी हे सोडू नका. क्लिनिककडून वर्षाचं स्टेटमेंट मागा, लाजू नका, ते देतात.

देसी_नर्स
हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी दोघींना पाठवतेय.

मॉन्ट्रियलचा_मोरू
एवढी उठाठेव करून दोनतीनशे डॉलर मिळणार आणि वर सीआरएचं पत्र आलं तर? माझा मेहुणा म्हणतो मेडिकल टाकलं की हमखास रिव्ह्यू लागतो.

हॅलिफॅक्सहून_टोरांटो
मला आलं होतं पत्र. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं, आरोप नसतो, पावत्या दाखवा एवढंच. मी फार्मसीकडून वर्षाचा प्रिंटआउट घेतला, इन्शुरन्सच्या पोर्टलवरून कुठल्या क्लेमला त्यांनी किती दिले ते काढलं, डेंटिस्टचं स्टेटमेंट, सगळं स्कॅन करून सीआरएच्या माय अकाउंट पोर्टलमधून अपलोड केलं, मान्य झालं. इन्शुरन्सने दिलेला भाग वगळला आहे हे त्यांना दिसायला हवं. पत्राची मुदत मात्र पाळायची, उत्तरच दिलं नाही तर क्रेडिट काढून टाकतात आणि बिल येतं. पावत्या ६ वर्षं ठेवा.

कल्याणी_के
आणि पगारातून कापला जाणारा हेल्थ-डेंटल प्लॅनचा हप्ता बघा, टी४ च्या ८५ नंबरच्या बॉक्समध्ये असतो. तोही मेडिकल खर्चच आहे. कित्येकांचा एवढ्यानेच ३ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला जातो.

मीनल_ब्रॅम्प्टन
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री बसून बेरीज केली. डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ असं धरून आमच्या दोघांचा आणि मुलीचा मिळून इन्शुरन्स वजा जाता ५,२०० झाला, रूट कॅनाल आणि बॉक्स ८५ धरून. मुलाचा चष्मा आणि अक्कलदाढ मिळून ९०० वेगळे. गणपादादा, बघाल का जरा?

गणिती_गणपा
मिस्टरांच्या नावावर: ५,२०० वजा २,८३४ म्हणजे २,३६६, त्याचे १४.५ टक्के साधारण ३४३. तुमच्या नावावर: ५,२०० वजा १,१४० म्हणजे ४,०६०, त्याचे साधारण ५८९. वर ऑन्टारियोचं स्वतःचं मेडिकल क्रेडिट आहेच, ५.०५ टक्क्यांनी तुमच्याकडे आणखी २०५ च्या आसपास. मुलाचे ९०० त्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर, म्हणजे ४२० वजा, ४८० उरले, ते तुम्ही दोघांपैकी कुणीही ३३१९९ वर घ्या, फरक पडत नाही. फी: मुलाच्या संमतीने ५ हजार मिस्टरांकडे, ७२५. मुलाचा रिटर्न भरायचाच, नाहीतर त्याचे ११ हजार दप्तरात येणार नाहीत.

तेव्हा प्लाझावाल्याला सांगा, फी साहेबांकडे चालेल, मेडिकल बाईसाहेबांकडे.

मीनल_ब्रॅम्प्टन
मुलाशी बोलले. म्हणाला "ठीक आहे, पण शांतादुर्गा मावशीसारखं निम्मं माझ्या टीएफएसएमध्ये." नवरा तयार आहे. प्लाझाऐवजी यावर्षी आम्ही तिघं मिळून घरीच करणार आहोत, भाच्याचा पण.

शांतादुर्गा
निम्मं नाही, मी पूर्ण टाकते, त्याला सांग :)

नवखा_नाशिककर
मी रूममेट लोकांना हा धागा दाखवला. त्यातला एक २०२४ च्या जानेवारीत आलाय, त्याने २०२४ चा रिटर्न भरलाच नाही. आता काय करायचं? दंड बसेल का?

गणिती_गणपा
टॅक्स देणं लागत नसेल तर उशिराचा दंडही नाही. आधी २०२४ चा भरायला सांग, त्या वर्षाच्या टी२२०२ सकट, मग २०२५ चा. म्हणजे २०२४ ची फी आधी दप्तरात चढेल आणि २०२५ मध्ये पुढे आलेली दिसेल. टी२२०२ कॉलेजच्या स्टुडंट पोर्टलवर मिळतो. पैसे घालवायचे नसतील तर कम्युनिटी व्हॉलंटियर प्रोग्रॅमची मोफत टॅक्स क्लिनिक असतात, कमी उत्पन्नाचे साधे रिटर्न ते भरून देतात, मार्च-एप्रिलमध्ये लायब्ररी, कम्युनिटी सेंटरमध्ये चौकशी करा.

नवखा_नाशिककर
शनिवारी जातो त्याला घेऊन. धन्यवाद दादा.